यंत्र बंद, तरी सेन्सर ९४ दाखवतोय: बार, पीएसआय, केजी आणि पास्कलचा गुंता

रविवारचा फिटर

नमस्कार मंडळी. सुटीच्या दिवशी लोखंड-लाकडाशी खेळण्याचा छंद आहे, त्यातून ही शंका.

माझ्याकडे एक छोटा एअर कॉम्प्रेसर आहे. त्यावरच्या गोल काट्याच्या गेजवर बाहेरची पट्टी पीएसआयची आणि आतली बारची. हवेवर चालणारं एक अवजार घेतलं, त्याच्या लेबलवर 'कमाल ०.६३ एमपीए' लिहिलंय. आता एमपीए कुठे शोधू? म्हणून एक डिजिटल प्रेशर सेन्सर मागवून लाइनवर बसवला. तो किलोपास्कलमध्ये आकडा देतो.

गेजवर ६ बार असताना सेन्सर ६९४ किलोपास्कल दाखवतो. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणजे सेन्सरच्या मते ६.९४ बार. इतका फरक? मी सेन्सरवर विश्वास ठेवला (नवा आहे, डिजिटल आहे!) आणि ०.६३ एमपीएच्या आत राहायचं म्हणून रेग्युलेटर पिळून ६३० वर आणला. तर अवजारात दमच राहिला नाही. नट अर्धवट सैल करतं आणि नुसतं घुरघुरतं.

वर कळस म्हणजे कॉम्प्रेसर बंद करून टाकी पूर्ण रिकामी केली, तरी सेन्सर ९४ दाखवतो. गेजचा काटा मात्र शून्यावर. कोण खोटं बोलतंय?

मापात पाप

आधी एककांचं निस्तरू. एमपीए म्हणजे मेगापास्कल. १ मेगापास्कल = १००० किलोपास्कल = १० बार. तुमचं ०.६३ एमपीए म्हणजे ६३० किलोपास्कल म्हणजे ६.३ बार, म्हणजे साधारण ९१ पीएसआय. गुणाकार-भागाकार तुम्ही बरोबर केलाय. गडबड दुसरीकडे आहे. ती सांगायला 'जुना काटा' काका येतीलच.

जुना काटा

आलो. चाळीस वर्षं गेजच दुरुस्त करत होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

दोघंही खरं बोलतायत. दोघांचं शून्य वेगळं आहे.

तुमच्या काट्याच्या गेजच्या पोटात 'सी' अक्षरासारखी वाकवलेली एक चपटी नळी असते. तिला बूर्दों नळी म्हणतात. यूजेन बूर्दों या फ्रेंच माणसानं १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि आजही बहुतेक साध्या गेजमध्ये तीच आहे. आतला दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते, तिचं टोक हलतं आणि त्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. पण नळीच्या बाहेर डबीत काय आहे? तुमच्याआमच्या भोवतीची हवा. ती नळीला बाहेरून दाबत असते. म्हणजे काटा दाखवतो तो आतला दाब वजा बाहेरचा दाब. टाकी उघडी केलीत, आत-बाहेर सारखं झालं, काटा शून्यावर. याला गेज दाब म्हणायचं.

तुमचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजणारा दिसतोय. त्याच्या आत दाबानं वाकणारा पातळ पडदा असतो, त्या पडद्याच्या एका बाजूला कारखान्यातच निर्वात करून सील केलेली पोकळी असते. त्याचं शून्य म्हणजे खरंखुरं काहीच नाही. त्यामुळे टाकी 'रिकामी' असली तरी तिच्यात हवा आहे आणि हवेचा दाब आहे, तो त्याला दिसतो. हिशेब करा: ६९४ वजा ९४ बरोबर ६००. झाले की नाही ६ बार?

अवजाराच्या लेबलवरचे ०.६३ एमपीए हे गेज दाबातले असतात. म्हणजे तुम्ही त्याला ६.३ ऐवजी जेमतेम ५.३६ बार देत होतात. घुरघुरणार नाही तर काय करेल बिचारं!

एकच खटकतंय. हवेचा दाब १०१ किलोपास्कल हवा, तुमचा ९४ आलाय. सेन्सरचा शून्य सातने सरकलेला दिसतो. स्वस्तातल्या सेन्सरचं असं होतं. कॅलिब्रेट करून घ्या.

रविवारचा फिटर

काका, साष्टांग दंडवत. रेग्युलेटर परत ६ वर नेला, अवजार गुणी बाळासारखं चालतंय. फक्त नवाकोरा सेन्सर सरकलेला निघाला याचं वाईट वाटलं. परत पाठवावा का या विचारात आहे.

शंकेखोर

एवढी एककं हवीतच कशाला? पास्कल आहे ना? एक ठेवा आणि बाकीची बुडवा.

मापात पाप

बुडवायला गेलो तर निम्मं जग बुडेल, शंकेखोर. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ज्याच्या हातात जे वजन आणि जी पट्टी होती, त्यानं त्याचं एकक केलं. पौंड आणि इंचवाल्यांचं पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड. किलो आणि सेंटिमीटरवाल्यांचं किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ज्याला वर्कशॉपमध्ये सगळे नुसतं 'केजी' म्हणतात ("किती केजीला लावलंय?" हे ऐकून नवा माणूस वजनकाटा शोधतो). ज्यांच्याकडे पाऱ्याची नळी होती ते मिलिमीटर पाऱ्यात मोजायला लागले. पंपवाले पाण्याच्या मीटरमध्ये.

पास्कल त्या मानानं लहान पोर आहे. एका चौरस मीटरवर एक न्यूटन, ही कल्पना जुनी, पण तिला पास्कल हे नाव १९७१ मध्ये मिळालं. आणि पोर खरोखरच लहान आहे. झेरॉक्सचा साधा ए-४ कागद घ्या, ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा. तो टेबलावर सपाट पडला की खाली ०.७८ पास्कल दाब देतो. म्हणजे पास्कल म्हणजे सव्वा कागद! टायरमधली हवा अशा सव्वा-सव्वा कागदांत कोण मोजणार? म्हणून किलो, मेगा ही शेपटं लावावी लागतात.

शंकेखोर

कागदाचं आवडलं. मग हवेचा दाब म्हणजे किती कागद?

मापात पाप

१,०१,३२५ भागिले ०.७८, म्हणजे एक लाख तीस हजारांच्या आसपास. एक कागद ०.१ मिमी जाड धरला तर १३ मीटरची थप्पी. तेवढी थप्पी आपण सगळे चोवीस तास डोक्यावर घेऊन फिरतोय. आतूनही तितकाच दाब असल्यामुळे चेपत नाही, इतकंच.

वहीतली आकडेमोड

मी फक्त वाचत होते, पण माझ्या वहीतलं टाकते. भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

१ बार = १,००,००० पास्कल (नेमके) = १४.५० पीएसआय
१ केजी/चौ. सेमी = ९८,०६६.५ पास्कल (नेमके) = १४.२२ पीएसआय
१ अ‍ॅटमॉस्फिअर (समुद्रसपाटीचा हवेचा प्रमाण दाब) = १,०१,३२५ पास्कल (नेमके) = १४.७० पीएसआय = ७६० मिमी पारा
१ पीएसआय = ६,८९४.७६ पास्कल
१ मिमी पारा = १३३.३२ पास्कल
१ मिमी पाणी = ९.८०६६५ पास्कल

तोंडी करायचं तर सात लक्षात ठेवा. पीएसआयला ७ ने गुणा, आले किलोपास्कल. त्याच उत्तराला १०० ने भागा, आले केजी. ८५ पीएसआय घेतलेत तर ५९५ किलोपास्कल आणि ५.९५ केजी. खरी उत्तरं ५८६ आणि ५.९८. केजीसाठी युक्ती फारच जवळ जाते, किलोपास्कलला दीड टक्का जास्त दाखवते. घाईत चालतं.

दीड टक्का

माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून लॉगिन केलं. :)

बार, केजी आणि अ‍ॅटमॉस्फिअर एकच समजा, काही बिघडत नाही. गेजच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत 'वर्ग १.६' किंवा तसं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पूर्ण पट्टीच्या १.६ टक्के चूक माफ. ० ते १० बारच्या गेजला ०.१६ बार इकडेतिकडे चालतं. ६ बार आणि ६ केजी यांत फरक ०.१२ बारचा. म्हणजे एककाची चूक गेजच्या चुकीत बुडून जाते. उगाच दशांश चिन्हापुढे पाच आकडे मिरवू नका.

जुना काटा

दीड टक्का, अर्धं मान्य. टायर, कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप इथे तुमचं म्हणणं चालेल.

पण दोन चुका वेगळ्या जातीच्या आहेत. गेजची चूक वर असेल किंवा खाली असेल, सांगता येत नाही. एककाची चूक दर वेळी एकाच बाजूला पडते. ती गेजच्या चुकीत बुडत नाही, तिच्या खांद्यावर बसते. आधीच ०.१६ नं कमी दाखवणाऱ्या बारच्या गेजवर ६ केजीच्या जागी ६ बार लावलेत की दोन्ही मिळून ०.२८ होतात. हायड्रॉलिकमध्ये २०० बारला तर २०४ केजी होतात, चारचा फरक. आणि कॅलिब्रेशनच्या टेबलावर प्रमाण गेज बारमध्ये आणि तपासायचा केजीमध्ये असला, आणि कुणी पट्टी वाचलीच नाही, तर दोन टक्क्यांच्या 'चुकी'पायी चांगला गेज भंगारात जातो. असे गेज मी भंगारातून परत काढलेत.

दीड टक्का

टेबलापुरतं मान्य. वर्कशॉपच्या मजल्यावर मी माझ्या मतावर ठाम.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. आमच्याकडची गंमत सांगते.

रक्तदाब १२०/८० म्हणतो ते मिलिमीटर पारा. आता पाऱ्याचं यंत्र बहुतेक ठिकाणी दिसत नाही, एकक मात्र राहिलं. किलोपास्कलमध्ये तो १६/१०.७ होतो, पण तसं कुणाला सांगितलं तर माणूस घाबरूनच जाईल. आणि हा गेज दाब आहे हे मला आज कळलं! हवेचा दाब धरला तर १२० चे ८८० झाले असते.

त्याच पेशंटच्या व्हेंटिलेटरवर मात्र दाब सेंटिमीटर पाण्यात. १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाणी. दोन पडदे शेजारी शेजारी, एकावर पारा आणि दुसऱ्यावर पाणी. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच विचारते, "हा आकडा कशाचा?"

आणखी एक. पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीला हवा असं आम्ही घोकून घोकून सांगतो, त्याचं कारणही दाबच. हात १० सेंमी खाली लोंबत असेल तर रक्ताच्या तेवढ्या स्तंभाचं वजन वाढतं आणि आकडा साडेसात-आठ मिमीने जास्त येतो.

मापात पाप

रात्रपाळी, फार छान प्रतिसाद. पाऱ्यावरून एक अवांतर. पाऱ्याच्या नळीनं हवेचा दाब मोजणाऱ्या इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्लीच्या नावावरून 'टॉर' हे एकक आहे, निर्वात पंपवाले वापरतात. १ टॉर म्हणजे १ अ‍ॅटमॉस्फिअरचा ७६० वा भाग. मग तो मिमी पाराच की! जवळजवळ. दोघांत फरक सत्तर लाखांत एक इतकाच आहे. दीड टक्का यांना झोप लागेल एवढा लहान.

चाकाखाली

विद्यार्थी आहे. वायूंच्या नियमाचं गणित घातलं होतं. टायरमध्ये १५ अंशांना ३२ पीएसआय हवा, धावून ४५ अंश झाली, दाब किती? आकारमान तेच धरायचं. मी तापमान केल्व्हिनमध्ये नेलं: ३२ गुणिले ३१८ भागिले २८८ = ३५.३. उत्तर चूक आलं. तापमान तर बदललं होतं!

वहीतली आकडेमोड

तापमानाला खरं शून्य दिलंस, दाबाला दिलं नाहीस. ३२ हा गेज दाब आहे. आधी १४.७ मिळव: ४६.७. आता ३१८/२८८ ने गुण: ५१.६. त्यातून १४.७ परत काढ: ३६.९ पीएसआय.

वायूचे नियम खऱ्या शून्यापासूनच चालतात. सेल्सिअस घालणं आणि गेज दाब घालणं ही एकाच घरातली भावंडं. पहिल्याला सगळे ओळखतात, दुसरं गुपचूप मागच्या दारानं आत येतं.

चाकाखाली

आत्ता कळलं ताई! धन्यवाद. पण मग गेजमध्ये उणे आकडे कसे येतात? निर्वात पंपाच्या गेजवर -०.८ बार बघितलंय.

जुना काटा

आत ०.२ बार उरले, बाहेर १ आहे, वजा केलं की उणे ०.८. सगळी हवा काढलीत तरी उणे १ च्या खाली जाता येत नाही, कारण काढायला काही उरतच नाही. 'उणे दीड बार निर्वात' देणारा पंप कुणी दाखवला तर नमस्कार करून निघा.

विहिरीचंही तेच. वर बसवलेला पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो. तो ओढत नाही, नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला तिची पूर्ण ताकद १०.३३ मीटर पाण्याइतकी. ७६० मिमी पाऱ्याला १३.६ ने गुणा, तोच आकडा येतो. प्रत्यक्षात पाण्याची वाफ आणि नळीतलं घर्षण यामुळे सात-आठ मीटरच्या पुढे पंप हात टेकतो. विहीर त्याहून खोल असेल तर पंप खाली उतरवावा लागतो.

ढगफूल

धागा उशिरा पाहिला. जुना काटा यांच्या पहिल्या प्रतिसादातल्या एका वाक्याला माझी हरकत आहे, आदरपूर्वक. 'हवेचा दाब १०१ हवा.' कुणी सांगितलं?

१०१.३२५ हा समुद्रसपाटीचा ठरवून घेतलेला आकडा आहे. वर चढलात की डोक्यावरची हवा कमी होते. फ्लोरँ पेरिए यानं १९ सप्टेंबर १६४८ ला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढून हेच दाखवलं. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. प्रयोग सुचवला होता त्याच्या मेव्हण्यानं, ब्लेझ पास्कलनं. त्या दिवशी डोंगर चढला मेव्हणा आणि एककाला नाव लागलं पास्कलचं, पण ते असो.

समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटरला १ हेक्टोपास्कल उतरतो. (हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल, म्हणजेच जुना मिलिबार. हवामानवाल्यांना जुने आकडे सोडायचे नव्हते, म्हणून हे शेपूट निवडलं.) माझ्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे, तो ९४५ च्या आसपास दाखवतो आणि हवामानाच्या बातमीत माझ्याच गावाचा दाब १०१० सांगतात. दोन्ही बरोबर. बातमीतला आकडा 'तुम्ही समुद्रसपाटीला असता तर किती' असा फिरवून घेतलेला असतो, नाहीतर नकाशावर प्रत्येक डोंगर कमी दाबाचा पट्टा दिसला असता. मी साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो.

फिटरसाहेब, तुम्ही किती उंचीवर आहात?

रविवारचा फिटर

अरेच्चा. सहाशे मीटरच्या जवळपास!

जुना काटा

ढगफूल, चूक माझी. कबूल. माझी सगळी नोकरी समुद्राकाठच्या कारखान्यात गेली, तिथे रोज सकाळी १०१ च्या आगेमागेच काटा असायचा. तो आकडा डोक्यात इतका बसला की विचारायचं सुचलंच नाही. फिटरसाहेब, सेन्सर परत पाठवू नका.

शंकेखोर

म्हणजे गेज दाब, निरपेक्ष दाब आणि आता समुद्रसपाटीवर फिरवलेला दाब. एका पास्कलला तीन शून्यं. बुडवा म्हटलं होतं ना मी!

ढगफूल

बुडायचीच गोष्ट काढलीत तर विमानाचं ऐका. विमानातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, आणि त्याला तिथला समुद्रसपाटीचा दाब आधी सांगावा लागतो. काही देशांत तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, काही ठिकाणी इंच पाऱ्यात. १०१३.२५ हेक्टोपास्कल म्हणजे २९.९२ इंच. आता रेडिओवर "नऊ नऊ दोन" ऐकलं, तो होता ९९२ हेक्टोपास्कल, आणि इंचाची सवय असलेल्या वैमानिकानं लावलं २९.९२. झाला २१ हेक्टोपास्कलचा फरक. यंत्र दाखवतंय त्यापेक्षा विमान जवळजवळ पावणेदोनशे मीटर खाली. ढगात उतरताना हा फरक कुणाला नको असतो. म्हणून आकड्याबरोबर एकक बोलण्याची शिस्त असते.

मापात पाप

लिहिताना तशीच शिस्त एम अक्षराची हवी. इंग्रजीत लहान एम लावलात तर मिलिपास्कल, मोठा लावलात तर मेगापास्कल. दोघांत एकावर नऊ शून्यांचा फरक, आणि लोक कॅप्स लॉकच्या मूडवर सोडून देतात. मेगापास्कल ओळखायची सोपी खूण सांगतो: एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन. नखाच्या टोकाएवढ्या जागेवर शंभर ग्रॅम वजन.

रविवारचा फिटर

ताजा अहवाल. मुलीच्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर निघाला. कॉम्प्रेसरशेजारी ठेवून पाहिला: ९४३ हेक्टोपास्कल. म्हणजे ९४.३ किलोपास्कल. रिकाम्या टाकीवर माझा सेन्सर: ९४. पॅक केलेली पेटी उघडून परत लाइनवर बसवला.

पॅनेलवर मार्करनं लिहिलंय, 'निरपेक्ष. आधी टाकी रिकामी असतानाचा आकडा वजा करा.' मुलगी विचारतेय, रोज वजा करायचं की एकदाच?

ढगफूल

त्या कामाला एकदाच पुरे. हवामानामुळे दिवसागणिक थोडे हेक्टोपास्कल हलतील, ६०० किलोपास्कलपुढे ते कळणारही नाहीत. मात्र सेन्सर घेऊन डोंगर चढलात तर परत विचारा.

दीड टक्का

०.३ किलोपास्कलचा फरक राहिला आहे फोन आणि सेन्सरमध्ये. मी काही बोलत नाहीये.